चढण आणि साधी सायकल

चढणीवर सायकलवरून उतरून पायी चालणे म्हणजे मानहानी, अशी एक समजूत आमच्या विद्यार्थ्यांत दृढ झालेली दिसते. गिअरच्या सायकलीवरचा सोबती पुढे निघून गेला की साध्या सायकलीचा धनी ओठ चावून पेडल दाबीत राहतो, आणि घरी गेल्यावर नव्या सायकलीसाठी हट्ट धरतो. ह्या दोन्ही गोष्टी आम्हांस सारख्याच अविचाराच्या वाटतात.

टोपी बाजारातील मुलांना चढण शोधण्यास दूर जावे लागत नाही. ग्वाल्हेरचा किल्ला शहराच्या डोक्यावर सुमारे ३०० फूट उंच उभा आहे. त्याची पूर्वेकडील वाट पायी जाणाऱ्यांची; वाहनाने जाणारास उरवाईच्या बाजूने, खडकात कोरलेल्या जैन मूर्तींसमोरून वर चढावे लागते. साध्या सायकलीची खरी परीक्षा तेथे होते.

येथे थोडे गणित ध्यानात घ्यावे. समजा, सायकलीच्या पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दाते आहेत. तर पेडलच्या एका फेऱ्यात मागील चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. मागे २२ दात्यांचे चक्र बसविले तर ते दोनच वेळा फिरेल. वेग घटेल खरा, परंतु पायास लागणारा जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होईल. गिअर तरी दुसरे काय करतो? तो चढणीचे श्रम रतीभरही घटवीत नाही. तेच श्रम अधिक फेऱ्यांत वाटून देतो. म्हणून ज्याचा नित्याचा रस्ता चढाचा आहे, त्याने वडिलांना मोठ्या खर्चात घालण्यापूर्वी सायकलवाल्याकडून मागचे चक्र बदलून पाहावे.

एवढे करूनही एखादी चढण आवरत नाही. तेव्हा उतरावे. १९१० साली फ्रान्समधील 'तूर द फ्रान्स' ह्या शर्यतीत तूरमाले ही २,११५ मीटर उंचीची खिंड प्रथमच घालण्यात आली. ती सर्वांआधी ओलांडणारा ऑक्ताव्ह लापिझ वाटेत काही अंतर सायकल ढकलीत चालला होता. आणि ती शर्यत शेवटी त्यानेच जिंकली! आमच्या गोव्यातील पोदेरही पावाची टोपली मागे बांधून, भोंगा वाजवीत वाड्यावाड्यांतून फिरतो आणि चढ फार झाला की खाली उतरतो. त्यास कोणी हसत नाही, कारण लोकांना पाव वेळेवर मिळण्याशी काम.

कोणी म्हणेल, उतरायचेच तर सायकल हवी कशाला? उत्तर सोपे आहे. चढण हा रस्त्याचा लहानसा भाग. उरलेल्या रस्त्यावर सायकलच वेळ वाचविते. उलट, हट्टाने चढणारा मुलगा चढ सौम्य व्हावा म्हणून रस्ताभर नागमोडी जाऊ लागतो. चढ त्याने खरोखरच सौम्य होतो, पण मागून येणाऱ्या मोटारीस तो कोणत्या बाजूस वळेल हे कसे कळावे? घटकाभराच्या अभिमानासाठी जीव पणास लावणे ह्यास आम्ही शौर्य म्हणत नाही.

विद्यार्थिमित्रहो, पुढचे चाक डगमगू लागले की डाव्या कडेला उतरा, श्वास स्थिर करा, खुशाल चालत वर जा. आणि परतीच्या उतारास लागण्यापूर्वी दोन्ही ब्रेक मात्र अवश्य तपासा.