सल्ला देण्याची नोकरी, थांबविण्याचा अधिकार

दरवर्षी ४ मार्च उजाडला की कारखान्यांच्या फाटकांवर फलक लागतात, कामगारांना शपथ दिली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात आणि ‘राष्ट्रीय सुरक्षा दिन’ यथासांग पार पडतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस. या उपचारांना आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु ही शपथ देवविणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्याची वर्षाच्या उरलेल्या दिवसांत काय अवस्था असते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. अभियांत्रिकीची पदवी वा पदविका घेतलेले अनेक तरुण आज या व्यवसायाकडे वळत आहेत. त्यांना नोकरी मिळेलही. पण ज्या कामासाठी ती नोकरी आहे ते काम करावयाची मोकळीक त्यांना मिळेल काय, हा खरा प्रश्न आहे.

हा व्यवसाय आपल्याकडे कायद्याच्या पोटी जन्माला आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली कलम ४०-ब घालण्यात आले आणि १००० वा अधिक कामगारांच्या, तसेच विशेष धोक्याच्या प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन घालण्याची सोय झाली. महाराष्ट्राने १९८२ साली त्यासाठी स्वतंत्र नियम केले. तांत्रिक शिक्षण, प्रत्यक्ष कारखान्यातील अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका अशी पात्रता ठरली. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत हे शिक्षण मिळू लागले. बहुसंख्य कामगारांची भाषा या अधिकाऱ्याला अवगत असावी, ही अपेक्षाही त्यात आली. ती फार शहाणपणाची होती. आज ठाणे-बेलापूर पट्ट्यात वा तारापूरला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार राबत असताना यंत्रावरची धोक्याची सूचना मात्र इंग्रजीत असते, हे दृश्य पाहिले म्हणजे त्या अपेक्षेचे मोल कळते.

तथापि या साऱ्या रचनेत एक मूलभूत वैगुण्य राहून गेले. सुरक्षा अधिकाऱ्याने व्यवस्थापनाला सल्ला द्यावा व साहाय्य करावे, असे त्याच्या कर्तव्याचे स्वरूप ठरले. सल्ला मानणे वा न मानणे मालकाच्या मर्जीवर आणि सल्ला देणाऱ्याचा पगारही त्याच मालकाच्या हाती! ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे त्याच्याच अन्नावर जगावयाचे, अशी ही स्थिती आहे. लेखापालालाही त्याचा अशील पैसे देतो हे खरे. पण लेखापालाच्या सहीला कायद्याने वजन दिले आहे आणि त्याच्यामागे त्याच्या व्यवसायाची वैधानिक संस्था उभी आहे. सुरक्षा अधिकाऱ्यामागे कोण उभे आहे?

भोपाळचे उदाहरण या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री जे घडले ते अज्ञानामुळे घडले नव्हते. मूळ अमेरिकन कंपनीच्या तपासणी पथकाने मे १९८२ मध्येच त्या कारखान्यातील उणिवा लेखी नोंदविल्या होत्या. तरीही त्या रात्री विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि निसटता वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी पडला होता. धोका कोठे आहे हे सांगणारे होते. ‘ही यंत्रणा सुरू झाल्याखेरीज साठा ठेवता येणार नाही’ असे बजावून ते अमलात आणू शकणारा कोणी नव्हता. भोपाळनंतर १९८७ साली कायदा दुरुस्त झाला. कामगारांना माहिती व प्रशिक्षण मिळण्याचा आणि आसन्न धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. पण सूचना देणे निराळे आणि काम थांबविणे निराळे.

या व्यवसायाची दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. विक्री अधिकारी वर्षाअखेर विक्रीचा आकडा दाखवितो, उत्पादन अधिकारी टनांचा हिशेब देतो. सुरक्षा अधिकाऱ्याने काय दाखवावे? जो अपघात टळला त्याची नोंद कोठेच होत नाही. जो घडला त्याची मात्र चौकशी होते. मग ‘शून्य अपघात’ हाच त्याच्या बढतीचा निकष ठरतो आणि अपघात टाळण्याऐवजी लपविण्याचा मोह निर्माण होतो. बोट चिरडलेल्या कामगाराला रजा न देता कचेरीत बसवून ठेवले की कागदावर कामाचा एकही दिवस बुडत नाही! किंबहुना प्रामाणिक नोंदी ठेवणारा अधिकारीच अकार्यक्षम ठरण्याची भीती असते. धूळ, आवाज, रसायनांची वाफ यांनी वर्षानुवर्षे होणारे आजार तर या हिशेबात येतच नाहीत. सिलिकोसिस झालेल्या माणसाचे निदान होईपर्यंत त्याने तो कारखाना सोडलेला असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली. तिने सुरक्षा अधिकाऱ्यासाठी कामगारसंख्येची सर्वसाधारण मर्यादा ५०० वर आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी २५० वर ठेवली. १९७६ च्या १००० शी तुलना करता हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु आपल्या औद्योगिक वसाहतींतील असंख्य घटक तीस, पन्नास, शंभर कामगारांवर चालतात. डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत आणि त्याच वसाहतीत २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये भीषण स्फोट झाले. आसपासच्या वस्तीने त्यांची झळ सोसली. रसायनाच्या स्फोटाला हजेरीपट वाचता येत नाही. मग धोक्याचे माप केवळ डोकी मोजून का करावयाचे?

कारखानदारांचा एक युक्तिवाद मात्र गांभीर्याने घ्यावयास हवा. सुरक्षा ही प्रत्येक खातेप्रमुखाची जबाबदारी आहे. एका अधिकाऱ्याच्या हाती अधिकार एकवटले तर बाकीचे हात झटकतील आणि उत्पादन क्षुल्लक कारणांनी खोळंबेल, असे ते म्हणतात. पहिल्या भागात तथ्य आहे. म्हणूनच रोजची जबाबदारी खातेप्रमुखाकडेच राहावी. पण जीवितास तत्काळ धोका असेल तेव्हा काम थांबविण्याचा अधिकार सुरक्षा अधिकाऱ्याला असलाच पाहिजे. त्याचा दुरुपयोग झाल्यास जाब विचारता येईल; गेलेला जीव मात्र परत आणता येत नाही.

यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. काम थांबविण्याचा हा अधिकार नियमांत स्पष्ट शब्दांत लिहावा आणि तो वापरल्याबद्दल कोणाला नोकरीवरून काढता येणार नाही असे संरक्षण द्यावे. सुरक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत मालकाबरोबरच औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जावी. आणि लहान रासायनिक घटकांसाठी वसाहतीने मिळून सामाईक अधिकारी नेमावा. त्याचे वेतन सर्वांच्या वर्गणीतून द्यावे, म्हणजे तो कोणा एका मालकाचा मिंधा राहणार नाही.

तरुणांनी या क्षेत्रात यावे, अवश्य यावे. देशाला त्यांची गरज आहे. परंतु त्यांना केवळ हेल्मेट वाटणारे आणि नोंदवह्या भरणारे कारकून करावयाचे असेल, तर पदविकांची संख्या वाढेल, अपघातांची घटणार नाही. ज्याला ‘थांबा’ म्हणता येत नाही, त्याच्यावर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि यंत्रासमोर उभ्या असलेल्या कामगाराची ती फसवणूक आहे.