मनाचे खेळ?

गेली आठ वर्षं माझी कंबर दुखते. तीन डॉक्टर झाले, दोनदा फोटो काढून झाले, गोळ्या, मलमं, पट्टा सगळं झालं. शेवटच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, काही नाहीये. मनाचे खेळ आहेत." मी संतापून घरी आले.

आपल्या गटात निंदणीला जाणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, दिवसभर शिवणयंत्रावर वाकणाऱ्या बाया येतात. पाठ, मान, गुडघे कुणाचं दुखत नाही? आणि "नाटकं करते" हे ऐकलं नाही अशीही विरळाच. म्हणून दुखण्याच्या बाबतीत कुणी 'मन' हा शब्द काढला की आपण चिडतो. मीही ठासून सांगायचे, "दुखणं शरीराचं आहे, मनाचा संबंध नाही." यात माझी चूक होत होती, असं आज मला वाटतं.

१९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतल्या एका दारातून मेंदूकडे जातो आणि ते दार किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात काळजी, जाग्रण, उदासी, भीती यांनी वेदना वाढते. हाडाच्या फोटोत हे दिसत नाही. म्हणून वेदना खोटी ठरत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये व्याख्या सुधारताना स्पष्टच म्हटलं, की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

मला हे उमगलं ते व्यायाम शिकवणाऱ्या एका ताईमुळे. तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला भीती कशाची वाटते?" माझी आई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. माझंही तसंच होईल या धास्तीनं मी वाकणं, चालणं सोडलं होतं. हालचाल कमी, म्हणून स्नायू कमजोर; स्नायू कमजोर, म्हणून दुखणं जास्त. रोज थोडं थोडं चालायला लागले. दुखणं गेलं नाही, पण आता मी वाकून कळशी उचलते.

पण मैत्रिणींनो, मनावरचा भार येतो कुठून? कर्ज, दारू, रात्रीची अपुरी झोप, मारहाण. नवऱ्याचा मार सोसलेल्या बायांमध्ये जुनाट दुखणी जास्त आढळतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. अशा बाईला "टेन्शन घेऊ नकोस" म्हणणं म्हणजे तिच्यावरच दोष ढकलणं. मीही हे वाक्य अनेकींना ऐकवलं आहे, याची आज लाज वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं: पायातली शक्ती जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, वजन घटणं असं काही असेल तर तिला ताबडतोब दवाखान्यात न्यावं. एरवी बैठकीत तिला विचारावं, झोप लागते का? भीती कशाची वाटते? घरात कामाला हात कोण लावतं? आणि आरोग्य केंद्रातही हेच प्रश्न विचारले जावेत, असा आग्रह आपण धरला पाहिजे. तिच्या दुखण्यावर आधी विश्वास ठेवू, मग मनाबद्दल बोलू.