सभागृहात काय मांडलंत?

'आमदार फंडातून' ही पाटी यंदा वर्षभर डोळ्यांत खुपली. गटारावर, हायमास्टवर, पेव्हिंग ब्लॉकच्या गल्लीत, सगळीकडे तीच. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. त्यातून कामं व्हावीत, तक्रार नाही. पण गटार ग्रामपंचायतीनं बांधायचं असतं. आमदार निवडून द्यायचा तो कायदा करायला आणि सरकारला जाब विचारायला.

यात दोष आपलाही आहे. लग्नाला, रक्षाविसर्जनाला आमदार आले नाहीत तर आपण नावं ठेवतो. अधिवेशनात ते गप्प बसले, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 आठवा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं, पुणे-बंगळूर वाहतूक तुटली, ट्रकांच्या रांगा लागल्या. फौंड्रीत माल येईना, तयार कास्टिंग बाहेर पडेना, शहरातला कामगार पुलाअलीकडे पोचेना. महामार्गाचा भराव पाण्याला आडवा येतो, तिथं पिलरचा पूल हवा, हे लोक तेव्हापासून सांगताहेत. रस्ता केंद्राचा, नदी राज्याची. हा गुंता आमदार फंडातून सुटत नाही. त्याला तारांकित प्रश्न लागतो, लक्षवेधी लागते आणि मिळालेलं आश्वासन पुरं होईपर्यंत पाठपुरावा लागतो.

सभागृहातल्या माणसाच्या पाठपुराव्यानं प्रश्न सुटतो, याचा दाखला शेजारच्या जिल्ह्यातच आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात 1969 मध्ये रोजगार हमीचा प्रयोग करवला. 1977 मध्ये राज्यानं त्याचा कायदा केला, 2005 मध्ये देशानं तीच वाट धरली. दुष्काळात राबणाऱ्या हातांना हक्काचं काम मिळालं ते कायद्यामुळं.

सरत्या वर्षात कोल्हापूरला सर्किट बेंच मिळालं, माधुरी हत्तीण परत यावी म्हणून माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आली. मागणी लावून धरायला आपण कमी पडत नाही; तीच चिकाटी या पुलासाठीही हवी. आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विषयही 'पूल' आहे. पुलाच्या शिरोलीत तो निवडताना आम्हाला फार विचार करावा लागला नाही.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरेल. त्याआधी आपले आमदार फराळाला आले, तर करंजी हातावर ठेवा आणि विचारा, भरावाबद्दल सभागृहात काय मांडलंत? मिळालेलं उत्तर आम्हाला कळवा. आम्ही ते छापू.