गल्ल्यावर बसतं कोण?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. तुमच्याशी, आमच्या घरच्यांशी आणि थोडंसं स्वतःशीही. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर आत्याचा फोन यायला नको की "अरे, इतकं तोडून का लिहिलंस?"

त्याचं असं झालं. महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळची वेळ. आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये महिन्याचं सामान भरायला गेलो होतो. सोबत आमचे साडूभाऊ होते. बिलाच्या रांगेत आमच्यापुढे सहा ट्रॉल्या. काउंटरवरची मुलगी असेल बावीस-तेवीसची. तिने भाजीचा एक प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला होता आणि त्यावर टेकून ती बिलं करत होती. हात चालूच होते. रांग हलत होती, पण हळू, कारण प्रत्येकाच्या ट्रॉलीत महिन्याचं सामान होतं.

साडूभाऊंचा संयम सुटला. "इथे बसायला पगार देतात का तुम्हाला? म्हणून उशीर होतो!" असं चांगलं मोठ्याने म्हणाले. दोघा-चौघांनी माना डोलावल्या. सुपरवायझर धावत आला, मुलीला काहीतरी पुटपुटला आणि तो क्रेट पायाने सरकवून घेऊन गेला. मुलगी उभी राहिली आणि पुढचं बिल करू लागली.

आणि मी? मी गप्प उभा होतो. मोबाइलमध्ये तोंड घालून. ते आधी कबूल करतो, मग पुढचं बोलतो.

मंगळवारी दुपारी पुन्हा गेलो. दूध हे निमित्त. गर्दी नव्हती, ती मुलगी होती. म्हटलं, "ताई, रविवारी आमच्या माणसाने तुम्हाला बोलायला नको होतं." ती हसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही एकटे नाही हो. रोज कोणीतरी बोलतंच." मग थोडं थोडं कळत गेलं. ड्यूटी नऊ तासांची, त्यात अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी. बाथरूमला जायचं तर काउंटर सांभाळायला कोणी येईपर्यंत थांबायचं, म्हणून सकाळपासून पाणी बेतानेच प्यायचं. रात्री पोटऱ्या इतक्या दुखतात की आई तेल लावून देते. रविवारी हिशेबात दोनशे चाळीस रुपये कमी भरले. ते पगारातून जाणार. पगार? हातात साडेबारा हजार.

मी विचारलं, खुर्ची का नाही देत? तर म्हणे, "सर सांगतात, कस्टमरला आवडत नाही. कस्टमरसमोर बसणं बरं दिसत नाही."

म्हणजे आपलं नाव पुढे करून तिला उभं केलंय! आणि आपण ते नाव खोटं पाडत नाही, उलट रांगेत उभं राहून खरं करतो.

आता गंमत ऐका. आमच्या साडूभाऊंची सगळी नोकरी बँकेत गेली. त्यातली बरीच वर्षं कॅश काउंटरवर. काचेमागे, खुर्चीत, वर पंखा. लोक समोर उभे आणि हे बसलेले. त्यांच्या बसण्याने कोणाचा अपमान झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्या रविवारी घरी येताना हे त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "बँकेची गोष्ट वेगळी."

काय वेगळी? पैसे मोजून घेणं, पावती देणं, उरलेले परत करणं, दिवसाअखेर हिशेब जुळवणं. काम तेच. रेल्वेच्या तिकीट खिडकीमागचा माणूस बसलेला असतो. पोस्टातला बसलेला असतो. एसटीच्या कंडक्टरला गाडीत स्वतःची जागा असते. आणि सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे आपला कोपऱ्यावरचा वाणी! लहानपणापासून आपण काय पाहिलं? शेठ गादीवर, गल्ल्यापाशी ऐसपैस बसलेला, आणि पोऱ्या उभ्याने साखर मोजतोय. शेठ बसून पैसे घेतो म्हणून कोणी कधी "उठून उभे राहा" म्हटलंय?

गल्ल्यावरचा माणूस बसतो, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. ती मोडली कधी? गल्ल्यावर मालकाऐवजी पगारी मुलगी आली तेव्हा. त्यामुळे "बरं दिसत नाही" हे खुर्चीबद्दल नाहीच. ते कोण बसलंय याबद्दल आहे. कमी पगाराच्या माणसाने आपल्यासमोर बसू नये, असं आपल्याला आतून कुठेतरी वाटतं. कडू आहे, पण मला तरी दुसरं उत्तर सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर जरूर सांगा.

बरं, ही मागणी काही आजची नाही. इंग्लंडमध्ये 1899 साली खास कायदा झाला होता की दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे निदान एक आसन हवंच. आपल्याकडे कारखान्यांच्या 1948च्या कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायच्या सोयीचं कलम होतं. म्हणजे कामगाराचे पाय दुखतात हे सरकारला तेव्हापासून माहीत आहे. दुकानातल्यांचे पाय मात्र नंतर आठवले.

ते आठवून दिले केरळमधल्या बायकांनी. कोळिकोडच्या बाजारातल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसू देत नसत आणि धड स्वच्छतागृहही नसे. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी त्यांना एकत्र केलं. बसण्याच्या हक्कासाठी लढा झाला आणि 2018 मध्ये केरळने दुकानांचा कायदा बदलला. 2021 मध्ये तमिळनाडूने तेच केलं. केंद्राच्या 2020च्या कामगार संहितांपैकी एकीत उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे, आणि त्या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या. कागद आला. खुर्ची यायची आहे.

आपल्या महाराष्ट्रात काय चाललंय? 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नऊ तासांचा दिवस होता, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने नवाचे दहा तास करायला मंजुरी दिली. या बातमीवर आमच्या सोसायटीत किती चर्चा झाली? शून्य. त्याच आठवड्यात पार्किंगवरून मात्र दोन सभा झाल्या. :)

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, बसून काम केलं की वेग कमी होतो. अहो, जर्मनीत आल्डीसारख्या दुकानांत कॅशियर बसूनच काम करतात, आणि त्यांच्या वेगाने गिऱ्हाइकाची पिशवी भरताना धांदल उडते. बिल हाताने होतं, पायाने नाही.

दुसरा आक्षेप, सोयी दिल्या, पगार वाढवला की भाव वाढतील. ठीक, हिशेब करू. मी मंगळवारी तिथे उभा राहून पाहिलं, साधारण तीन मिनिटांना एक बिल. तासाला वीस, आठ तासांत एकशे साठ. त्या मुलीला रोजचे शंभर रुपये जास्त द्यायचे ठरवले, तर एका बिलामागे साडेबासष्ट पैसे पडतात. ती एकटी नाही, मागे माल लावणारे, वजन करणारे, गोदामातलेही आहेत. एका काउंटरमागे अशी पाच माणसं धरा. तरी एका बिलामागे सव्वातीन रुपयेही होत नाहीत. आपण पिशवी घरी विसरतो तेव्हा याहून जास्त पैसे कॅरी बॅगचे मोजतो, आणि कोणी हूं की चूं करत नाही. आणि खुर्ची? ती तर एकदाच घ्यायची असते.

तिसरा, "तिला नको असेल तर सोडावी नोकरी." हे वाक्य म्हणणाऱ्याच्या घरात सहसा दुसरा पगार येत असतो. एवढंच बोलतो.

आणि ते दोनशे चाळीस रुपये. हिशेबात पैसे कमी आले म्हणून सरसकट पगार कापता येत नाही. चूक थेट त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे झाली असली पाहिजे, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. 1936च्या वेतनाच्या कायद्यात हे होतं, आताच्या वेतन संहितेतही आहे. तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "काका, हे मी कोणाला सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण गिऱ्हाइकाचं ऐकतात, हे तर आपण रविवारी पाहिलंच. साडूभाऊंच्या एका वाक्याने क्रेट गेला! मग आपल्या वाक्याने खुर्ची का येऊ नये? मुंबईत 1975 साली ग्राहक पंचायत निघाली ती याच विश्वासावर, की गिऱ्हाईक एकटं असलं तर गरीब, एकत्र आलं तर नाही. आपण ही ताकद फक्त भाव आणि वजनासाठीच वापरायची का?

मी त्या दिवशी तक्रारवही मागून घेतली. 'काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना बसायला खुर्ची द्या. मी गिऱ्हाईक आहे आणि मला त्यात काहीही अपमान वाटत नाही,' असं लिहून खाली नाव आणि फोन नंबर दिला. मुलीचं नाव कुठेही येऊ दिलं नाही, तिला त्रास नको. आठवडा झाला, फोन आलेला नाही. एका माणसाने लिहिलं तर पान उलटतात. वीस जणांनी लिहिलं तर बहुतेक वाचतील. तेव्हा तुम्ही जिथे सामान भरता तिथे एवढी एक ओळ लिहाच. आणि रांगेत कोणी ओरडलं तर माझ्यासारखं मोबाइलमध्ये तोंड घालू नका.

साडूभाऊ, तुम्ही हे वाचणार, माहीत आहे. रागवा खुशाल. पण पुढच्या महिन्याच्या सामानाला आपण दोघं पुन्हा जाऊ, आणि त्या वहीत माझ्या खाली तुम्ही सही करायची. कॅश काउंटरवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या सहीला माझ्यापेक्षा जास्त वजन आहे.