उशाशी पडदा, पडद्यावर उपचार

मुलांच्या जागरणाचा विषय २०२५ च्या जानेवारीत हैदराबादेत थेट उच्च न्यायालयात पोहोचला. तिकीट दरवाढ व विशेष खेळांविषयीच्या याचिकांवर तेलंगणा उच्च न्यायालयाने १६ वर्षांखालील मुलांना रात्री ११ नंतर आणि सकाळी ११ पूर्वी चित्रपटगृहात प्रवेश देऊ नये, असे बजावले. मल्टिप्लेक्स चालकांनी दाद मागितल्यावर १ मार्चला ही अट तूर्त शिथिल झाली.

चित्रपटगृहाचे दार निदान बंद करता येते. उशाशी उजळणाऱ्या मोबाइलचे काय? गंमत अशी की, निद्रानाशावरील वर्तनोपचार आता त्याच मोबाइलवरून देता येतो. त्यात औषध नसते. झोपेची रोजनिशी, उठण्याची ठरलेली वेळ, अंथरूण केवळ झोपेसाठी आणि 'आज झोप येणार नाही' या धास्तीला उत्तर, एवढाच त्याचा पसारा. लहान मुलांच्या बाबतीत खरे विद्यार्थी आईवडीलच असतात. नेदरलँड्समध्ये ११६ किशोरवयीनांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समोरासमोरच्या गटाप्रमाणेच इंटरनेटवरून उपचार घेणाऱ्यांची झोपही सुधारली. मात्र तेथे मार्गदर्शक होते. मूल आणि यंत्र यांना एकमेकांवर सोपवलेले नव्हते.

आपल्याकडे अडचण इथेच आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली मान्य केलेले 'सॉमरिस्ट' हे ॲप २२ वर्षांवरील रुग्णांसाठी होते. प्रौढांची ही मान्यता मुलांसाठी ग्राह्य धरता येत नाही. शिवाय घोरणाऱ्या मुलाच्या नाकामागील किंवा घशातील गाठी वाढल्या असतील, तर त्याला ॲप नव्हे, डॉक्टर हवा. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा कलही अल्पवयीनांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याच्या विरोधात आहे, आणि झोपेची रोजनिशी म्हणजे वर्तनाचीच नोंद. रुग्णालयाच्या देखरेखीखालील उपचार आणि बाजारातले कुठलेही ॲप यांतली रेषा म्हणूनच महत्त्वाची ठरते.

त्या रोजनिशीतला एक रकाना मात्र घराच्या हाती नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळी आठच्या घंटेसाठी साडेसहाला उठणाऱ्या गोव्यातल्या मुलाला किमान नऊ तास मिळायचे, तर साडेनऊला डोळा लागायलाच हवा. त्या वेळी अनेक घरांत जेवणाची पाने मांडली जात असतात. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे बोट दाखवूनच.