खेळणं म्हणे!

मंडळी, मॉडेलचं प्रदर्शन म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांनी एकदा हिशोब मांडून बघावा.

तीन दिवसांच्या प्रदर्शनाला हॉल पाच दिवस घ्यावा लागतो, कारण लेआउट मांडायला-मोडायलाच वेळ जातो. भाड्यावर १८ टक्के जीएसटी. टेम्पोत १:८७ च्या गाडीचा रूळ जरासा हलला की इंजिन घसरलंच! वर कस्टमच्या लेखी स्केल मॉडेल म्हणजे खेळणं. ही ड्युटी २०२० मध्ये २० ची ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. देशी कारखाने जगावेत हो, पण असलं इंजिन इथे बनवतात किती जण?

पुण्यात भाऊ जोशींनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं कायमचं संग्रहालय काढलं. मांडामांड एकदाच. आपल्या नागपुरात नॅरोगेज संग्रहालय आहे, रमण विज्ञान केंद्र आहे. तिथला एक कोपरा हौशी मंडळींना वर्षभर द्यायला काय हरकत आहे?

आणि आपण? मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला अडीचशे मुकाट्याने मोजतो, इथे पन्नासच्या तिकिटावर विचारतो, "फॅमिली पास नाही का?" असो. पोरांना फक्त मॉलच दाखवायचा असेल, तर विषयच संपला.