दारावरचा बेलिफ

सकाळचे साडेसात वाजलेले. थोरलीची वेणी अर्धीच घालून झालेली, धाकट्याचा एक मोजा सापडत नाही आणि दारावर जोरात थाप पडते. टपालासाठी दाराला ठेवलेल्या फटीतून एक पुरुषी आवाज नाव घेऊन विचारतो, घरात आहात ना? आई कंगवा हातात धरून जागच्या जागी उभी राहते. "आई, कोण आलंय गं?" थोरली विचारते. आईला ठाऊक असते. ड्रॉवरमधला न फोडलेल्या पाकिटांचा गठ्ठा तिनेच तर ठेवलेला असतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला गेलेल्या आणि पुढे मुलांसह एकट्या पडलेल्या मराठी बाईच्या वाट्याला अशी सकाळ येऊ शकते. घरातली बिले तोच भरत असे. तो वेगळा झाला आणि मागे राहिली कौन्सिल टॅक्सची थकबाकी.

हा कर म्हणजे आपली घरपट्टीच, असे सुरुवातीला वाटते. पण फरक आहे. १९९० मध्ये माणशी आकारल्या जाणाऱ्या पोल टॅक्सवरून लंडनमध्ये दंगल झाली. पुढे तो कर रद्द होऊन १ एप्रिल १९९३ पासून कौन्सिल टॅक्स आला. घरपट्टी घरमालकाच्या नावे येते. हा कर मात्र बहुधा घरात राहणाऱ्याने भरायचा, मग तो भाडेकरू का असेना. शिवाय नवराबायको जितका काळ एकत्र राहिले, त्या काळाच्या पूर्ण रकमेला दोघेही बांधलेले. तो निघून गेला म्हणून तिच्यावरचा बोजा निम्मा होत नाही.

वर्षाचा कर सहसा दहा हप्त्यांत भरतात. एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येते आणि सात दिवसांची मुदत मिळते. ती टळली तर हप्त्यांची सवलत जाते आणि वर्षाची उरलेली रक्कम एकदम मागितली जाते. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचे समन्स, त्यामागून 'लायबिलिटी ऑर्डर' म्हणजे देणे कायम झाल्याचा हुकूम, आणि वर कोर्टाचा खर्च. हे सारे पाकिटांतून येत राहते. पाकीट न फोडणारी बाई बेफिकीर असते असे नाही. बहुतेक वेळा ती भ्यालेली असते, आणि ड्रॉवर बंद केला की तेवढ्यापुरती भीतीही बंद होते.

बेलिफ हा शब्द आपल्याकडेही दिवाणी कोर्टामुळे ओळखीचा आहे. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सच्या वसुलीला येणारा माणूस मात्र बहुधा खासगी कंपनीचा नोकर असतो. २०१४ पासून त्याचे कायद्यातले नाव 'एन्फोर्समेंट एजंट' झाले. त्याच्याकडे कोर्टाचे प्रमाणपत्र असावे लागते. त्याचा मेहनतानाही थकबाकीदाराच्याच डोक्यावर बसतो. २०१४ मध्ये ठरलेले दर असे होते: प्रकरण हाती घेताच ७५ पौंड, दाराशी आला की आणखी २३५ पौंड, सामान विक्रीसाठी न्यायची वेळ आली तर वर ११० पौंड. म्हणजे ६०० पौंडांचे देणे नुसत्या एका भेटीने ९१० वर जाई. ज्या बाईला सहाशे जमत नाहीत तिला नऊशे कसे जमणार, याचे उत्तर त्या नियमांत नव्हते.

अशा सकाळी आधी नाशिकच्या ताईला फोन जातो. ताईच्या डोळ्यांपुढे आपल्याकडची जप्ती असते: अंगणात मांडलेली भांडीकुंडी आणि कुंपणापलीकडून बघणारे शेजारी. "उघड गं बाई दार, सरकारी माणूस आहे, उगाच वाढवू नकोस," ती म्हणते. सल्ला मायेचा असतो, पण अगदी उलटा. कौन्सिल टॅक्ससाठी आलेल्या एजंटला पहिल्या भेटीत दार फोडता येत नाही, कुलूपवाला आणता येत नाही, बाईला ढकलून आत शिरता येत नाही. दाराला कुलूप-कडी नसेल किंवा कोणी आत घेतले, तर दारातून त्याला शांतपणे येता येते. सकाळी सहाच्या आधी किंवा रात्री नऊनंतर सहसा येता येत नाही. आणि येण्यापूर्वी किमान सात दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

घरात फक्त सोळा वर्षांखालची मुले असतील तर त्याने आत यायचेच नाही. मुले बाराच्याही आतली दिसली तर काहीही न विचारता परत फिरायचे. म्हणून थोरलीला एकच गोष्ट बजावून ठेवावी लागते: आईला विचारल्याशिवाय कडी काढायची नाही.

पण एकदा तो आत आला की चित्र बदलते. तो सामानाची यादी करतो आणि करारावर सही मागतो. सामान घरातच राहते, मात्र ठरलेले हप्ते चुकले तर पुढच्या वेळी त्याला जबरदस्तीने आत येण्याची वाट त्या सहीने मोकळी होते. कपडे, अंथरूण-पांघरूण, फ्रिज, कुकर, वॉशिंग मशीन, औषधोपचाराची साधने यांना तो हात लावू शकत नाही. टीव्हीला लावू शकतो. दाराबाहेर उभी केलेली गाडी हा तर सगळ्यात सोपा घास. तिला जॅमर लावायला घरात पाऊल टाकावे लागत नाही.

२०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने एजंटांच्या वागणुकीचे निकष प्रसिद्ध केले. अधिक जपून वागवावे अशा लोकांत वृद्ध, अपंग, गंभीर आजारी यांच्याबरोबर एकट्या पालकाचे कुटुंब, गर्भवती स्त्री, बेकार माणूस आणि ज्यांना इंग्रजी समजायला, बोलायला किंवा वाचायला उघडच अडचण आहे असे लोक धरलेले आहेत. आपल्या या आईला त्यातली दोन-तीन वर्णने लागू पडतात, फक्त ते तिला कोणी सांगितलेले नसते. ते सांगावे तिनेच लागते, तेही लेखी, कौन्सिलला आणि कंपनीला दोघांना. अशा व्यक्तीला सल्ला घ्यायला पुरेशी संधी न देता सामान उचलायला निघालेल्या एजंटला दारावरच्या भेटीची फी वसूल करता येत नाही. देणे मात्र त्याने माफ होत नाही.

दार बंद ठेवून ड्रॉवरही बंद ठेवला तर काहीच साधत नाही. एजंट रिकाम्या हाताने परतला की प्रकरण कौन्सिलकडे जाते. मग पगारातून किंवा सरकारी भत्त्यातून कपात होऊ शकते. जाणूनबुजून न भरणाऱ्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद इंग्लंडच्या १९९२ च्या नियमांत केलेली होती, पण त्याआधी कोर्टाला माणसाच्या ऐपतीची चौकशी करावी लागे. वेल्सने ती तरतूद २०१९ मध्ये काढून टाकली.

म्हणून पाकिटे फोडावीच लागतात. सिटिझन्स ॲडव्हाइस, नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज या संस्था फुकट सल्ला देतात. मे २०२१ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सल्लागारामार्फत साठ दिवसांची 'ब्रीदिंग स्पेस' मागता येते. तेवढे दिवस एजंटांची पावले थांबतात. घरात एकच प्रौढ असेल तर करात २५ टक्के सूट मिळते. नवरा गेल्या दिवसापासून ती मागायची राहून गेली असेल तर मागील काळाचीही मागता येते. कमी उत्पन्नासाठीची वेगळी करसवलत मात्र व्हिसावर राहणाऱ्यांनी विचारपूस केल्याशिवाय घेऊ नये. व्हिसावर 'सार्वजनिक निधी नाही' अशी अट असेल तर ती सवलत त्या निधीत मोजली जाते. एकट्या प्रौढाची २५ टक्के सूट त्यात येत नाही.

दारावर पुन्हा थाप पडते. आई दाराजवळ जाते, पण कडी काढत नाही. फटीतून ती म्हणते, मी दोन मुलांसह एकटी राहते, तुमचे प्रमाणपत्र आत टाका, मी आज कौन्सिलशीच बोलणार आहे. आवाज थरथरतो, पण वाक्य पुरे होते. माणूस काही कागद आत सरकवतो आणि पायऱ्या उतरतो. ती वेणी पुरी करते, मुलांना शाळेत सोडते आणि नऊ वाजता फोन लावते. बराच वेळ नुसते संगीत वाजते. शेवटी पलीकडची बाई विचारते, महिना किती भरू शकाल? तिने पाकिटाच्या पाठीवर भाडे, वीज, किराणा आणि मुलांच्या बसचे पैसे मांडून ठेवलेले असतात. ती बेरीज पुन्हा एकदा पाहते आणि म्हणते, वीस पौंड.